घरच्या संगीताचें कोठार: चिठ्ठी आणि चोपडी

1902 सालच्या नोव्हेंबर महिन्यांत फ्रेडरिक गेसबर्ग ह्या ध्वनिमुद्रकानें कलकत्त्यास गौहरजान ह्या प्रसिद्ध गायिकेचें गाणें मुद्रित केलें. तीन मिनिटांच्या आंत सारा राग आटोपावयाचा, आणि तो आटोपतांच गौहरजाननें इंग्रजींत आपलें नांव मोठ्यानें सांगावयाचें, असा तेव्हांचा प्रकार होता. आज ती मुद्रिका ऐकणाऱ्यास त्या उद्गाराची मौज वाटते. परंतु त्यामागें निव्वळ व्यवहार होता, असें सांगतात. मुद्रणाचे मूळ सांचे तबकड्या काढण्यासाठीं जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं पाठवावे लागत. तेथील कारागिरांस इकडील भाषेची आणि इकडील गळ्यांची ओळख कोठून असणार? सांचा कोणाचा हें कळावें म्हणून गाणाऱ्यानेंच शेवटीं आपलें नांव उच्चारावें, अशी तोड निघाली. गाणें आणि गाण्याचें नांव एकाच खांचेंत कोरलें गेलें. वेष्टन फाटलें, मधला कागद झिजला, तरी नांव गाण्यापासून सुटलें नाहीं.

ह्या गोष्टीस आतां शंभरांहून अधिक वर्षें लोटलीं. तबकड्या मागें पडल्या, फीत आली आणि गेली, सी.डी. आली आणि तीहि कपाटांत जाऊन बसली. पुष्कळ घरांतून आज संगीताचा सांठा संगणकांत असतो, आणि वाडवडिलांना दिवाणखान्याची एक भिंत अडवून जेवढा करतां आला नसता तेवढा संग्रह तळहाताएवढ्या पेटींत मावतो. परंतु कलकत्त्यास जो प्रश्न पडला होता तो मात्र सुटलेला नाहीं. उलट सांठा जसा वाढला तसा तो अधिकच बिकट झाला आहे. हें गाणें कोणाचें, आणि पाहिजे त्या वेळीं तें सांपडावें कसें? विनअँप, आयट्यून्स, फूबार 2000, अमारोक, क्लेमेंटाइन इत्यादि ज्या आज्ञावल्या गेल्या पंचवीस-तीस वर्षांत निघाल्या, त्या वरवर पाहतां गाणीं वाजवण्यासाठीं आहेत. वस्तुतः त्यांचें मोठें काम ह्या प्रश्नाचें उत्तर देण्याचें आहे. तें काम त्या कसें करतात हें एकदां समजलें, म्हणजे घरचा संग्रह कसा राखावा हेंहि कळून येतें.

संगणकाच्या लेखीं गाणें म्हणजे आंकड्यांची एक रास. सी.डी.च्या पद्धतींत आवाजाच्या लहरीचें माप दर सेकंदास 44,100 वेळां घेतात. डाव्या व उजव्या कानासाठीं हीं मापें निरनिराळीं असतात, आणि प्रत्येक माप लिहावयास 2 बाइट जागा लागते. ह्या हिशेबानें एका मिनिटाच्या गाण्यास सुमारें 1 कोटि 6 लक्ष बाइट पडतात. कानाला जें ऐकूं येण्याचा संभव थोडा तें गाळून ही रास आंखडण्याची एमपीथ्री नांवाची रीत निघाली, आणि तिच्या सामान्य प्रतींत तेंच मिनिट सुमारें 9 लक्ष 60 हजार बाइटांत, म्हणजे अकराव्या हिश्शांत बसूं लागलें. घरोघर संग्रह होऊं लागले ते ह्या काटकसरीमुळें. परंतु त्या राशींत सूर आहे, ताल आहे, गायकाचा श्वासदेखील आहे. नांव मात्र कोठेंच नाहीं. भैरवीच्या आंकड्यांत 'भैरवी' हा शब्द शोधूनहि सांपडावयाचा नाहीं.

1982 सालीं बाजारांत आलेल्या सी.डी.मध्येंहि बहुतांशीं हीच उणीव होती. वेष्टनावर सारीं नांवें सुबक छापलेलीं, पण तबकडी संगणकांत घातली कीं पडद्यावर नुसतें 'ट्रॅक 1', 'ट्रॅक 2'. ह्यावर 1993 च्या सुमारास एक नामी युक्ति निघाली. तबकडीच्या आरंभीं प्रत्येक गाणें कोठें सुरू होतें ह्याची यादी असते. दोन निरनिराळ्या तबकड्यांवर गाण्यांची संख्या आणि लांबी हुबेहूब सारखी असण्याचा संभव कमी. तेव्हां ह्या लांब्यांवरून तबकडीची एक खूण तयार करावयाची, आणि त्या खुणेच्या तबकडीचीं नांवें पूर्वीं कोणीं टंकून ठेवलीं असतील तर तीं इंटरनेटवरून आणावयाचीं. सीडीडीबी नांवाची ही सामाईक यादी हजारों लोकांनीं हौसेनें, एक पैसा न घेतां भरली. पुढें ती एका कंपनीच्या मालकीची झाली आणि परवान्यावांचून तिचा उपयोग करतां येईना. मग लोकांनीं मोकळ्या याद्या उभारल्या. त्यांपैकीं फ्रीडीबी ही 2020 सालीं बंद पडली. 2000 सालीं सुरू झालेली म्यूझिकब्रेन्झ ही आजहि चालू आहे.

ह्या युक्तीची एक मर्यादा हिंदुस्थानी संगीताच्या रसिकांस विशेष जाणवते. चौदा छोट्या गीतांच्या तबकडीची खूण बहुधा निराळी पडते. परंतु ज्या तबकडीवर एकच राग तासभर चालला आहे, तिच्या खुणेंत वेगळेपण कोठून येणार? अशी तबकडी संगणकांत घातली असतां एखाद्या भलत्याच कलावंताचें नांव पडद्यावर झळकूं शकतें, आणि घाईनें होकार दिला कीं तेंच नांव त्या गाण्यास कायमचें चिकटतें.

नांव दूरच्या यादींत ठेवण्याऐवजीं गाण्याच्या फाइलींतच कां ठेवूं नये? 1996 सालीं एरिक केम्प ह्यानें ह्या प्रश्नाचें अगदीं साधें उत्तर काढलें. एमपीथ्री फाइलीच्या शेवटीं 128 बाइटांची एक चिठ्ठी जोडावयाची. तींत पहिले 3 बाइट खुणेचे. पुढें 30 गाण्याच्या नांवाचे, 30 गायकाचे, 30 आल्बमचे, 4 सालाचे, 30 शेऱ्याचे, आणि उरलेला 1 संगीताच्या प्रकाराचा. ह्या चिठ्ठीस आयडीथ्री म्हणतात. ती शेवटीं ठेवण्यांतहि धोरण होतें. एखाद्या जुन्या आज्ञावलीस चिठ्ठी वाचतां आली नाहीं, तरी तोंवर गाणें वाजून संपलेलें असावें. गौहरजाननेंहि आपलें नांव शेवटींच सांगितलें होतें. 94 वर्षांच्या अंतरानें एकाच अडचणीवर एकच तोड निघाली.

1998 सालीं ह्या चिठ्ठीची दुसरी, ऐसपैस आवृत्ति निघाली. ती फाइलीच्या आरंभीं बसते. तींत लांबीचें बंधन जवळजवळ नाहीं. चाल बांधणारा, पद रचणारा, साथीदार ह्यांस निराळीं घरें आहेत, मुखपृष्ठाचें चित्र ठेवतां येतें, आणि छापील घरें अपुरीं पडलीं तर स्वतःच्या नांवाचें नवें घर आंखण्याचीहि मुभा आहे.

आतां आज्ञावलीच्या कामाकडे वळावें. एखाद्या मोठ्या घराच्या कोठींत शेंकडों बरण्या असाव्यात, आणि प्रत्येकीस चिठ्ठी लावलेली असावी. परंतु दर वेळीं मेथ्या कोठें आहेत हें पाहण्यासाठीं सगळ्या बरण्यांच्या चिठ्ठ्या वाचीत बसणें कोणास परवडणार? म्हणून चतुर गृहिणी एक चोपडी करते. कोणती वस्तु कोणत्या फळीवर आहे हें तींत लिहिलेलें असतें. संगीताची आज्ञावली अगदीं हेंच करते. प्रथम ती सांगितलेल्या फोल्डरांतील प्रत्येक फाइल उघडते, तिची चिठ्ठी वाचते, आणि सर्व चिठ्ठ्यांतील मजकूर आपल्या चोपडींत उतरून घेते. मग दहा हजार गाण्यांतून एक शोधावयाचें झालें, तर ती फाइलींकडे जात नाहीं. चोपडी चाळते, आणि तीन-चार अक्षरें टंकतांच गाणें पुढें ठेवते.

चोपडी आली म्हणजे तिच्याबरोबर कितीतरी सोयी येतात. 9 जानेवारी 2001 रोजीं अॅपल कंपनीनें आयट्यून्स लोकांपुढें मांडलें; 2002 सालीं त्यांत नियमांवरून आपोआप भरणाऱ्या याद्यांची सोय झाली. 'सकाळचे राग, परंतु गेल्या महिन्याभरांत न वाजलेले' असा नियम एकदां सांगून ठेवला कीं यादी रोज स्वतःच ताजी होते. कोणतें गाणें किती वेळां वाजलें, शेवटचें केव्हां वाजलें, ऐकणाऱ्यानें त्यास किती तारे दिले, ह्याची नोंद ठेवली जाते. जुनी क्षीण मुद्रिका आणि नवी कडक मुद्रिका एकापाठोपाठ लागली असतां दर वेळीं आवाज कमीजास्त करावा लागूं नये म्हणून प्रत्येक गाण्याचा जोर मोजून ठेवण्याचीहि रीत आहे. आणखी एक बारकावा आहे. एमपीथ्री करतांना गाण्याच्या आगेंमागें शांततेचा एक सूक्ष्म तुकडा चिकटतो. सुट्या गीतांत तो कळत नाहीं. परंतु विलंबित ख्याल एका फाइलींत आणि त्याच रागांतील द्रुत दुसरींत असेल, तर जोडाच्या जागीं तंबोऱ्याचा नाद क्षणभर तुटतो. चांगली आज्ञावली तेवढा तुकडा गाळून दोन्ही फाइली सलग वाजवते.

एवढें सारें असूनहि ह्या व्यवस्थेंत एक मूलभूत अडचण आहे. गायक, आल्बम व गाणें ही जी तिहेरी चौकट बहुतेक आज्ञावल्यांनीं धरली, ती पाश्चात्त्य लोकप्रिय गीतांच्या बाजारांतून आलेली आहे. पश्चिमेकडील अभिजात संगीताचे शौकीनहि तिच्याविषयीं कुरकुरतात, कारण रचनाकार एक, वादकवृंद दुसरा आणि त्याचा संचालक तिसरा. ह्यांपैकीं 'गायक' ह्या घरांत कोणास बसवावें? मराठी नाट्यपदाची गोष्ट अशीच आहे. 1911 सालीं रंगभूमीवर आलेल्या 'संगीत मानापमान' नाटकांतील एखादें पद घेतलें, तर तें लिहिणारे कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर, त्यास चाल देणारे गोविंदराव टेंबे, तें लोकांच्या कानांत कायमचें बसवणारे बालगंधर्व, आणि पुढें तेंच पद आपापल्या ढंगानें गाणारे कलावंत कितीतरी. शिवाय पदाचा राग निराळा नोंदला पाहिजे. ख्यालाचें तर बोलावयासच नको. रसिक मनुष्य 'अमुक आल्बम लाव' असें म्हणत नाहीं. 'मारवा लाव' असें म्हणतो. रागाचें घर त्या पहिल्या चिठ्ठींत नव्हतेंच. तिच्या प्रकारांच्या मूळ यादींत 80 नोंदी होत्या. पोल्का ह्या युरोपीय नृत्यास तींत जागा मिळाली. ख्याल, ठुमरी, नाट्यगीत ह्यांपैकीं एकासहि मिळाली नाहीं.

लिपीचाहि प्रश्न होताच. जुन्या चिठ्ठींत गायकाच्या नांवास 30 बाइट. रोमन अक्षरास एक बाइट पुरतो. परंतु संगणकाच्या आजच्या रूढ लेखनपद्धतींत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन लागतात, आणि काना, मात्रा, हलन्त हींहि स्वतंत्र चिन्हेंच. 'मल्लिकार्जुन मन्सूर' हें नांव देवनागरींत लिहावयास 55 बाइट पडतात. म्हणजे तें त्या घरांत मावणेंच शक्य नव्हतें. म्हणून लोकांनीं नांवें रोमनमध्यें लिहिलीं, आणि तेथें प्रत्येकाचें स्पेलिंग निराळें. मनुष्याला 'पं. भीमसेन जोशी', 'पंडित भीमसेन जोशी' व 'भीमसेन जोशी' हे एकच गृहस्थ आहेत हें सांगावें लागत नाहीं. यंत्राला ते तीन गायक वाटतात, आणि तें त्यांची गाणीं तीन ठिकाणीं वाटून ठेवतें. दुसऱ्या आवृत्तीच्या चिठ्ठींत देवनागरी लिहितां येते आणि 'राग' असें घरहि आंखतां येतें. फूबार 2000 सारखी आज्ञावली अशा घरांवरून संग्रह लावूनहि दाखवते. परंतु नांव एकदां ठरवून सर्वत्र तेंच लिहिण्याची शिस्त यंत्र देऊं शकत नाहीं. ती घरच्याच माणसानें पाळावी लागते.

येथवर चिठ्ठी आणि चोपडी ह्यांतील भेद केवळ सोयीचा वाटेल. तो किती जिव्हाळ्याचा आहे हें आज्ञावल्यांच्या इतिहासावरून दिसतें. 1997 सालीं निघालेली विनअँप एके काळीं जगभर लोकप्रिय होती. 2013 च्या नोव्हेंबरांत ती बंद करण्याचें तिच्या मालकांनीं जाहीर केलें, आणि पुढें विक्री झाल्यामुळेंच ती वांचली. साँगबर्ड नांवाची दुसरी आज्ञावली त्याच वर्षीं बंद पडली. अॅपलनें 2019 सालीं आपल्या मॅक संगणकांवर आयट्यून्सचे भाग पाडून संगीतासाठीं निराळी आज्ञावली दिली. अमारोकची हकीकत ह्याहून बोधप्रद आहे. 2003 सालीं सुरू झालेली ही आज्ञावली लिनक्स वापरणाऱ्यांची मोठी आवडती; परंतु 2008 च्या अखेरीस आलेल्या तिच्या दुसऱ्या आवृत्तींत मांडणी इतकी पालटली कीं जुन्यांस ती परकी वाटूं लागली. तिचा मूळ आराखडा सर्वांस खुला असल्यामुळें कांहीं जणांनीं जुन्या आवृत्तीवरूनच 2010 सालीं क्लेमेंटाइन उभी केली, आणि तिच्यापासून 2018 सालीं स्ट्रॉबेरी निघाली. घर एकच, पण पिढ्या तीन.

अशा प्रत्येक स्थित्यंतरांत काय टिकतें आणि काय जातें? फाइलीच्या चिठ्ठींत जें लिहिलें आहे तें टिकतें, कारण कोणतीहि नवी आज्ञावली पुन्हां सर्व चिठ्ठ्या वाचून आपली चोपडी नव्यानें तयार करते. जें केवळ चोपडींत आहे तें धोक्यांत असतें. दिलेले तारे, वाजल्याच्या नोंदी, हातानें रचलेल्या याद्या हीं सारीं पुष्कळदां चोपडीपुरतींच असतात. आयट्यून्सची रीत अशीच होती. दहा वर्षें निवडून निवडून लावलेली याद्यांची मांडणी एका बिघाडासरशीं नाहींशी होते, आणि गाणीं मात्र जागच्या जागीं राहतात, कोठार भरलेलें आणि चोपडी जळालेली अशा स्थितींत.

म्हणून संग्रह राखणाऱ्यानें कांहीं गोष्टी पाळाव्यात. नांव, राग, रचनाकार, साथीदार व साल हीं फाइलीच्या चिठ्ठींतच लिहावीं, केवळ पडद्यावर दिसलीं ह्यावर समाधान मानूं नये. फोल्डरांस व फाइलींसहि अर्थपूर्ण नांवें द्यावीं, म्हणजे कोणतीच आज्ञावली हाताशीं नसली तरी डोळ्यांनीं शोधतां येईल. याद्या अधूनमधून साध्या मजकुराच्या फाइलींत उतरवून ठेवाव्यात. बहुतेक आज्ञावल्यांत ती सोय असते. आणि संग्रहाची दुसरी प्रत निराळ्या पेटींत, शक्य तर निराळ्या घरीं असावी.

भाड्यानें गाणीं ऐकवणाऱ्या संस्था हल्लीं इतक्या झाल्या आहेत कीं हा खटाटोप कशास, असें कोणी विचारील. बाजारांत मिळणाऱ्या संगीतापुरता हा प्रश्न रास्त आहे, जरी तेथील गाणें कराराप्रमाणें आज असतें आणि उद्यां नसतें. परंतु प्रत्येक घरीं असेंहि संगीत असतें जें बाजारांत नाहीं. एखाद्या गणेशोत्सवांतील गाणें घरच्याच कोणीं टेपरेकॉर्डरवर घेतलेलें असतें. एखाद्या खासगी बैठकीची फीत असते. आजीनें जात्यावरच्या ओव्या सहज गुणगुणलेल्या कोणीं तरी टिपून ठेवलेल्या असतात. ह्या फिती संगणकांत उतरवतांना यंत्र त्यांस 'ट्रॅक 1' एवढेंच नांव देतें. जगांतील कोणत्याहि यादींत त्यांची खूण नाहीं आणि कधीं असणारहि नाहीं. तबला कोण वाजवीत होतें, बैठक कोणाच्या माडीवर झाली, पावसानें दिवे गेल्यावर गायकानें पुन्हां कोणता राग धरला, हें घरांतील एखाद्या वडील माणसालाच ठाऊक असतें. तें माणूस आहे तोंवर त्याच्या शेजारीं बसून एकेक फीत ऐकावी, तें सांगेल तें तेथल्या तेथें चिठ्ठींत लिहावें. एका संध्याकाळीं दोन-चार फितीच होतील. तरी हरकत नाहीं. तें माणूस गेल्यावर आवाज पहिल्यासारखाच स्वच्छ ऐकूं येत राहील, परंतु तो कोणाचा हें कोणीच सांगूं शकणार नाहीं.

गौहरजानचा आवाज सव्वाशें वर्षांमागील मेणावर उमटला. त्या मुद्रिकेंत खरखर आहे, सूर कोठें कोठें दबले आहेत. पण गाणारी कोण असा प्रश्न कोणासहि पडत नाहीं, कारण तिनें स्वतःच तें सांगून ठेवलें. आजीच्या ओव्यांच्या फितींत तिनें आपलें नांव सांगितलेलें नाहीं. तें घरच्यांनींच तेथें लिहावयाचें आहे.